जिंकून सुद्धा मरावं का लागलं? ४७ रोनिनची खरी गोष्ट, सोप्या भाषेत

मागच्या रविवारी दुपारी भाच्याबरोबर '४७ रोनिन' बघितला, २०१३ चा, कियानू रीव्ह्जवाला. धनी गेल्यावर त्याचा बदला घेणाऱ्या ४७ सामुराईंची, म्हणजे जपानी योद्ध्यांची गोष्ट. पोरगा नववीत आहे, त्याला चेटकीण, ड्रॅगन, जंगलातले तेंगू (जपानी दंतकथेतले भुतासारखे प्राणी) सगळं आवडलं, पण शेवटी ते सामुराई पांढरे कपडे घालून ओळीनं बसतात आणि स्वतःचं पोट चिरून घेतात तिथं तो ताडकन उठून बसला. म्हणाला, "मामा, हे तर जिंकले ना? व्हिलन मेला ना? मग शिक्षा ह्यांनाच का?"

ह्याचं उत्तर पिक्चरमध्ये नीटसं मिळत नाही, शोगुन, म्हणजे तिथला खरा सत्ताधारी, येतो, दोन वाक्यं बोलतो आणि झालं. पण भाच्यानं जो प्रश्न विचारला ना, अगदी तोच प्रश्न १७०३ साली जपानमधल्या भल्याभल्या पंडितांना पडला होता आणि त्यावरचा वाद तिथं पुढं कितीतरी वर्षं चालू राहिला. म्हणून म्हटलं बसून सविस्तर लिहूनच काढावं. मला ही गोष्ट फार जवळची वाटते आणि तिच्यातलं जे खरोखर अवघड आहे नेमकं तेच पिक्चरमधून सुटलंय.

तर सगळ्यात आधी, ही गोष्ट खरी आहे. कियानू रीव्ह्जचं काई हे पात्र बनवलेलं आहे, ती कोल्हीण होणारी चेटकीण बनवलेली आहे, पण ज्याच्यासाठी बदला घेतला तो धनी असानो, ज्याच्यावर घेतला तो किरा, बदला घेणाऱ्यांचा म्होरक्या ओइशी, त्याचा मुलगा चिकारा, शोगुन त्सुनायोशी ही सगळी खरीखुरी माणसं होती, त्यांच्या समाध्या आजही टोकियोत आणि इतरत्र बघायला मिळतात.

तेव्हाच्या जपानचा कारभार आपल्याला समजायला तसा सोपा आहे. सम्राट क्योटोला, आणि खरी सत्ता शोगुनकडं, एदोला म्हणजे आजच्या टोकियोत. आपल्याकडं पुढं छत्रपती साताऱ्याला आणि कारभार पुण्याला असं झालं, साधारण त्यातला प्रकार. शोगुनच्या हाताखाली अडीचशेच्या वर संस्थानिक, त्यांना दाइम्यो म्हणायचे, आणि प्रत्येक दाइम्योच्या पदरी त्याचे सामुराई. ह्या सगळ्यांची ऐपत तांदळात मोजायची, एक कोकु म्हणजे एका माणसाला वर्षभर पुरेल इतका तांदूळ, अंदाजे दीडशे किलो. आको नावाच्या संस्थानाचा असानो नागानोरी हा पन्नास हजार कोकुचा धनी होता. आको आजच्या ह्योगो प्रांतात समुद्रकाठी आहे आणि मिठासाठी प्रसिद्ध आहे. किरा योशिनाकाची जहागीर फक्त ४,२०० कोकुची, पण तो शोगुनच्या दरबारात रीतिरिवाजांचा प्रमुख जाणकार होता, म्हणजे सम्राटाकडून माणसं आली की कुणी कुठं बसायचं, काय नेसायचं, कधी वाकायचं हे दाइम्यो लोकांना शिकवणारा. जमीन थोडी, पण मान मोठा. आणि वय साठ.

१७०१ सालच्या एप्रिलमध्ये क्योटोहून सम्राटाचे दूत एदोला आले. त्यांच्या सरबराईची जबाबदारी असानोवर होती आणि त्याला मार्गदर्शन करायला किरा. २१ एप्रिलला, शेवटच्या मोठ्या समारंभाच्या दिवशी, एदोच्या किल्ल्यात पाइन वृक्षांची चित्रं काढलेली एक लांबलचक ओसरी होती, तिथं किरा काजिकावा नावाच्या एका अधिकाऱ्याशी बोलत उभा होता. असानो मागून आला, छोटी तलवार उपसली आणि किराच्या पाठीवर वार केला. किरा वळला तेव्हा दुसरा वार कपाळावर बसला. काजिकावानं असानोला मिठी मारून धरलं म्हणून किरा वाचला. ह्या काजिकावानं सगळी हकीकत लिहून ठेवलीये, तिच्यात असानो वार करताना ओरडला की मधल्या काळातला राग आठवतोय का तुला, अशा अर्थाचं काहीतरी.

कसला राग?

ते कुणालाच माहीत नाही. चौकशीत असानो एवढंच म्हणाला की माझं वैयक्तिक वैर होतं, किरा मेला नाही ह्याचीच मला खंत आहे. किरा म्हणाला मला तर असं काही वैर आठवत नाही. झालं, एवढ्यावर चौकशी संपली. लाच दिली नाही म्हणून किरानं मुद्दाम चुकीचं शिकवलं ही गोष्ट नाटकांनी पसरवली, मिठाच्या धंद्यातली चुरस असंही काही लोक सांगतात, पण पक्का पुरावा कशालाच नाही. आणि असानोनं हेच सरबराईचं काम अठरा वर्षांपूर्वी, १६८३ ला सुद्धा केलं होतं, तेव्हाही शिकवायला किराच होता, म्हणजे दोघांची ओळख नवी नव्हती आणि असानो अगदीच अडाणी पण नव्हता.

आता पिक्चरमध्ये काय केलंय बघा. तिथं हा प्रसंग आकोच्याच किल्ल्यात घडतो आणि किराची चेटकीण असानोवर मंत्र टाकते, त्याला भास होतो की किरा आपल्या मुलीवर जबरदस्ती करतोय, आणि तो तलवार उपसतो. म्हणजे तीनशे वर्षं ज्या जागी रिकामं भोक होतं तिथं पिक्चरनं चेटूक भरलं. हे भरल्याबरोबर सगळं सोपं होतं, असानो निर्दोष, किरा राक्षस, बदला घेणारे देवमाणसं. खऱ्या गोष्टीत ही सोय नाही. तिथं ह्या लोकांनी आपला जीव अशा भांडणापायी दिला ज्याचं कारण बहुधा त्यांना स्वतःला सुद्धा पूर्ण कळलेलं नव्हतं. मला विचाराल तर ह्या गोष्टीचं वजन इथंच आहे.

शिक्षेकडं येऊ. किल्ल्यात तलवार उपसणं म्हणजे मरण, हा नियम सगळ्यांना माहीत होता. शोगुन त्सुनायोशी प्रचंड चिडला, सम्राटाच्या दुतांसमोर नाचक्की झाली, शिवाय त्याच्या आईला सम्राटाकडून वरचा हुद्दा मिळवून द्यायचे प्रयत्न त्याच सुमारास चालू होते असं सांगतात. सकाळी हल्ला झाला आणि त्याच संध्याकाळी असानोला एका दुसऱ्या दाइम्योच्या वाड्यात नेऊन सेप्पुकु करायला लावलं, आपल्याकडं ज्याला हाराकिरी म्हणून जास्त ओळखतात. ते पण घराच्या आत नाही, अंगणात. एका दाइम्योला अंगणात मरायला लावणं हा त्या काळी मोठा अपमान. वय पस्तिशीच्या आत.

आणि किराला काहीच नाही. उलट प्रकृती सांभाळा असा निरोप.

इथं एक जुना रिवाज समजून घ्यावा लागतो, त्याशिवाय पुढचं डोक्यात बसत नाही. जपानी सामुराईंमध्ये मारामारी झाली तर चूक कुणाची हे न बघता दोघांनाही सारखीच शिक्षा, असा लढायांच्या काळापासून चालत आलेला संकेत होता. त्या हिशोबानं आकोच्या लोकांना वाटलं की आमचा धनी गेला तर किरा पण जायला हवा होता. सरकारचं म्हणणं वेगळं, किरानं तलवारीला हातच लावला नाही, मग ही मारामारी कुठली, हा तर एकतर्फी हल्ला. कायद्याच्या भाषेत बघितलं तर सरकारचा मुद्दा कच्चा नाहीये. पण चौकशी नीट न करता, एका दिवसात उरकून, एकाला अंगणात मारलं आणि दुसऱ्याला तब्येत विचारली, हे ज्यांचं घरदार त्यापायी बुडालं त्यांना कसं पटणार.

घरदार बुडालं म्हणजे शब्दशः. धनी मेला, संस्थान सरकारजमा, जवळपास तीनशे सामुराई एका फटक्यात बिनधन्याचे झाले. बिनधन्याच्या सामुराईलाच रोनिन म्हणायचं, शब्दाचा अर्थ लाटेवर तरंगणारा माणूस. (आजही जपानमध्ये एंट्रन्सला नापास होऊन वर्ष ड्रॉप घेतलेल्या पोरांना रोनिनच म्हणतात.)

ओइशी कुरानोसुके हा आकोचा मुख्य कारभारी. ह्या माणसाबद्दल मी जितकं वाचतो तितका आदर वाढतच जातो, आणि तो तलवारीमुळं नाही. बातमी पोचल्यावर त्यानं पहिलं मोठं काम काय केलं असेल, तर संस्थानच्या कागदी नोटांचा निकाल लावला. आकोनं स्वतःच्या नोटा काढलेल्या होत्या, संस्थान बुडालं म्हटल्यावर त्या म्हणजे रद्दी, व्यापारी आणि साधी माणसं रडकुंडीला आलेली. ओइशीनं तिजोरीतून दर्शनी किमतीच्या साठ टक्के दरानं त्या नोटा परत घेतल्या. बुडत्या संस्थानात साठ टक्के मिळणं ही लहान गोष्ट नाही. मग किल्ला शांतपणे सरकारच्या ताब्यात दिला. काही जण म्हणत होते किल्ल्यात राहून लढू, काही म्हणत होते सगळ्यांनी दारातच पोटं चिरू, त्यानं दोन्ही होऊ दिलं नाही.

मग सुरू झालं ते पावणेदोन वर्षं वाट बघणं. पिक्चरमध्ये ओइशीला खड्ड्यात कोंडून हा काळ दोन मिनिटांत संपवलाय, पण खरी गोष्ट जवळजवळ सगळी इथंच आहे.

ओइशीला पहिल्यांदा बदला नकोच होता, निदान पहिला मार्ग तो नव्हता. त्याला हवं होतं असानो घराणं परत उभं राहायला. मेलेल्या धन्याचा धाकटा भाऊ दाइगाकु नजरकैदेत होता, त्याच्या नावावर घराणं चालू ठेवा म्हणून ओइशी अर्जांमागून अर्ज करत राहिला, मठाधिपतींमार्फत, ओळखीपाळखीतून. घराणं राहिलं असतं तर तीनशे कुटुंबांची चूल राहिली असती. दुसरीकडं एदोत होरिबे यासुबेईसारखे गरम डोक्याचे तलवारबहाद्दर बसले होते, ते सारखी पत्रं पाठवायचे की वाट कसली बघताय, लोक आम्हाला भेकड म्हणतायत. ओइशी त्यांना थोपवत राहिला.

ह्या काळातली एक वही शिल्लक आहे. जमाखर्चाची वही, हाकोनेच्या देवस्थानात जपून ठेवलेली. जवळपास ७०० र्‍यो रक्कम जमा, र्‍यो म्हणजे तेव्हाचं सोन्याचं नाणं, आणि मग खर्च एकेक करून मांडलेला. क्योटो ते एदो प्रवासखर्च, इतक्या लोकांचा. एदोत खोलीचं भाडं. धन्याच्या नावानं श्राद्धविधी. खायला नाही अशा अमक्या माणसाला मदत. घराणं परत मिळावं म्हणून केलेल्या खटपटींचा खर्च. बदला म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर तलवारी येतात, पण ही वही बघितली की कळतं की बदला म्हणजे महिनोन्महिने सत्तेचाळीस माणसांच्या पोटाची सोय करणं, आणि शिल्लक संपत चाललीये हे रोज डोळ्यानं बघणं. शेवटी पैसे कमी पडले ते ओइशीनं स्वतःच्या खिशातून घातले आणि हल्ल्याच्या आधी ती वही हिशोब पूर्ण करून धन्याच्या विधवेकडं पाठवून दिली. मरायला निघालेला माणूस आधी हिशोब चुकता करतो, मला हे वाचून खरंच गलबलून आलं होतं.

१७०२ च्या ऑगस्टच्या सुमारास सरकारचा निर्णय आला की दाइगाकुला हिरोशिमाच्या मूळ घराण्याच्या ताब्यात पाठवायचं. म्हणजे आकोचं घराणं संपलं, आशा संपली. आता ओइशीचा आणि होरिबेचा रस्ता एक झाला.

पण त्याआधी त्यानं एक काम केलं. सुरुवातीला शंभरावर लोकांनी शपथपत्रावर सह्या केल्या होत्या. ओइशीनं आपली माणसं पाठवून प्रत्येकाला त्याची सही परत दिली, की बेत रद्द झालाय, हे घ्या तुमचं. ज्यांनी गपचूप घेतलं ते गळाले. जे चिडले, म्हणाले रद्द कसा झाला, मी तर जाणारच, त्यांना खरं सांगितलं. अशानं उरले पन्नासच्या आसपास आणि शेवटच्या दिवसांत अजून गळून सत्तेचाळीस. त्यात सगळ्यात म्हातारा होरिबे याहेई पंचाहत्तरी ओलांडलेला आणि सगळ्यात लहान ओइशीचा स्वतःचा मुलगा चिकारा, पंधराएक वर्षांचा, आमच्या भाच्याएवढा. बायकोला ओइशीनं आधीच माहेरी पाठवून काडीमोड दिला, म्हणजे पुढं तिला त्रास नको. तो क्योटोत बायका आणि दारूच्या नादी लागला, रस्त्यात पडलेला असायचा, हे सगळं किराच्या हेरांना फसवायला, असं नाटकात फार रंगवून दाखवतात. थोडीफार मौजमजा त्यानं केलीही असेल, पण नाटकातलं सगळंच खरं धरू नये.

किरा तोपर्यंत मध्य एदोतून नदीपलीकडं होंजोला राहायला गेला होता, आज जिथं सुमोचं मोठं स्टेडियम आहे त्या र्‍योगोकु भागात. तो घरी कधी असतो हे कळणंच अवघड होतं. ओताका गेंगो नावाचा रोनिन व्यापारी बनून एका चहाविधीच्या गुरूकडं शिकायला जायला लागला, ते गुरू किराकडं जाणारे होते, आणि तिथून बातमी लागली की १४ तारखेला किराच्या वाड्यावर चहाची बैठक आहे. म्हणजे त्या रात्री म्हातारा नक्की घरी.

जपानी पंचांगानं बाराव्या महिन्याची १४, आपल्या कॅलेंडरनं ३० जानेवारी १७०३ ची रात्र, खरं तर ३१ ची पहाट. बर्फ आधी पडून गेला होता, जमिनीवर साचलेला, आणि वर चांदणं. पुढच्या दारानं ओइशी आणि त्याचे लोक शिड्या लावून, मागच्या दारानं चिकाराच्या नावाखालची तुकडी घण मारून दार फोडून. लगेच काही जणांनी नोकरशिपायांच्या चाळीच्या दारांना बाहेरून लोखंडी आकडे ठोकले, म्हणजे आतले लोक बाहेरच येऊ शकले नाहीत, आणि मला वाटतं ही लढाई तिथंच जिंकली गेली. शेजारच्या वाड्यात निरोप दिला की आम्ही चोर नाही, आग लावणारे नाही, धन्याचं काम आहे. शेजाऱ्यानं भिंतीवर कंदील उंच धरून ठेवले आणि मध्ये पडला नाही. दीड-दोन तास सगळा वाडा पालथा घातला, किराचं अंथरूण गरम, पण माणूस नाही. शेवटी स्वयंपाकघराजवळच्या कोळसा ठेवायच्या खोलीत रात्रीच्या पांढऱ्या कपड्यात एक म्हातारा सापडला. ओळख कशी पटवली, तर कपाळावरचा आणि पाठीवरचा वण बघून. असानोनं पावणेदोन वर्षांपूर्वी केलेले तेच दोन वार.

किराच्या बाजूचे सोळाच्या आसपास मेले, रोनिनांपैकी एकही नाही. ती मेलेली माणसं पण कुणाच्या तरी पदरी इमानानंच होती, हे मला दर वेळी आठवतं.

पहाटे ते मुंडकं घेऊन चालत सेंगाकुजी मठाकडं निघाले, दहा-बारा किलोमीटर. १५ तारखेला दाइम्यो लोक किल्ल्यावर हजेरीला जायचे म्हणून त्यांनी मोठा रस्ता टाळला, उगाच कुणाशी गाठ नको. मठात असानोची समाधी. विहिरीवर मुंडकं धुतलं, समाधीपुढं ठेवलं. ती विहीर आजही तिथं आहे. आणि ह्या सगळ्याच्या मधेच दोन जण गटातून वेगळे होऊन सरकारी अधिकाऱ्याच्या घरी गेले आणि स्वतःहून सांगितलं की हे आम्ही केलंय. कुणी पळालं नाही. एक तेरासाका किचिएमोन तेवढा नाहीसा झाला, सगळ्यात खालच्या दर्जाचा शिपाई, ओइशीनं त्याला मुद्दाम पाठवलं की तो स्वतः गेला हे आजही भांडणाचं आहे. म्हणून शिक्षा झाली ती ४६ जणांना.

आता भाच्याचा प्रश्न. इथून पुढं जरा लक्ष देऊन वाचा.

जपानमध्ये सूड घेणं सरसकट गुन्हा नव्हता. बापाला किंवा मोठ्या भावाला कुणी मारलं तर सामुराईनं रीतसर सरकारदरबारी नोंद करून मारेकऱ्याला शोधून ठार करणं चालायचं. मग अडचण काय? पहिली म्हणजे ह्यांनी नोंद केली नव्हती, केली असती तर परवानगी मिळालीच नसती. दुसरी, चिनी धर्मग्रंथात बापाच्या वैऱ्याबरोबर एका आभाळाखाली जगू नये असं वचन आहे, ह्यांनी किराच्या दारात जे निवेदन खोचून ठेवलं त्यात तेच वचन 'धनी आणि बाप' असं करून वापरलं. म्हणजे धन्याला बापाच्या जागी बसवलं. आणि तिसरी सगळ्यात मोठी अडचण, किरानं असानोला मारलंच नव्हतं! मारलं होतं शोगुनच्या हुकमानं. उलट असानोनं किराला मारायचा प्रयत्न केला होता. मग किरा वैरी कसा? सातो नाओकाता नावाच्या पंडितानं अगदी हेच विचारलं. दझाई शुंदाईनं तर आणखी पुढं जाऊन लिहिलं की राग असलाच तर तो सरकारवर हवा होता.

हे ऐकलं की वाटतं, बरोबर, गुन्हेगारच आहेत. पण दुसरी बाजू बघा. ह्याच शोगुन त्सुनायोशीनं १६८३ साली सामुराईंच्या कायद्यातलं पहिलंच कलम बदलून घेतलं होतं. आधी त्यात भर होता तो शस्त्रविद्येवर, ह्यानं घातलं धन्याशी निष्ठा, आईबापाची सेवा आणि रीतभात. वीस वर्षं सरकार सगळ्यांना शिकवत होतं की धन्याशी निष्ठा हाच पहिला धर्म. आणि आता सेहेचाळीस माणसं समोर येऊन बसली होती ज्यांनी ते तंतोतंत करून दाखवलं. त्यांना चोरदरोडेखोरांसारखं मारलं तर सरकारनं स्वतःची शिकवण स्वतःच्या हातानं मोडली. सोडून दिलं तर उद्या कुणालाही शोगुनचा निकाल पटला नाही की तो पन्नास माणसं जमवून स्वतःच न्याय करणार. दीड महिना निकाल लागला नाही तो ह्यामुळं. शोगुनच्या विद्यापीठाचे प्रमुख हायाशी होको मनानं त्यांच्या बाजूचे होते.

तोडगा निघाला तो ओग्यू सोराई ह्या विद्वानाच्या नावावर सांगतात. त्याचं म्हणणं सोप्या शब्दांत असं, की ह्यांनी केलं ते ह्यांच्यापुरतं धर्माचंच आहे, पण ते 'ह्यांच्यापुरतं' आहे. कायदा सगळ्यांचा आहे. खाजगी धर्मासाठी सगळ्यांचा कायदा मोडू दिला तर उद्या कायदाच उरणार नाही. म्हणून मृत्युदंड द्या, पण तो सामुराईच्या मानाचा द्या. मान कापणं ही गुन्हेगाराची शिक्षा, सेप्पुकु ही सामुराईची. निकालपत्रात त्यांचा गुन्हा 'टोळी जमवून घुसले' असा आहे, पण शिक्षा गुन्हेगाराची नाही. म्हणजे चूक म्हटलं आणि मान पण राखला. तर भाचेबुवा, ते पांढरे कपडे, ती चटई, ती रांग, ही शिक्षा तर होतीच, पण त्यांच्या बाजूनं दिलेला निकालही होता.

२० मार्च १७०३. चार दाइम्योंच्या वाड्यांत त्यांना वाटून ठेवलं होतं, होसोकावाकडं १७, मात्सुदाइराकडं १०, मोरीकडं १०, मिझुनोकडं ९. सगळ्यांचा शेवट एकाच दिवशी. पिक्चरमध्ये शोगुन चिकाराला वाचवतो, वंश राहू दे म्हणतो. खऱ्या आयुष्यात बाप होसोकावांच्या वाड्यात आणि मुलगा मात्सुदाइरांच्या, दोघांची शेवटची भेट सुद्धा नाही, आणि पोरगं गेलं. वंश राहिला तो वेगळ्याच वाटेनं, ओइशीचा सगळ्यात धाकटा मुलगा १७०२ ला जन्मलेला, तो लहान म्हणून वाचला, पुढं हिरोशिमाच्या असानो घराण्यानं त्याला बापाइतक्याच जहागिरीवर ठेवून घेतला. आणि किराचं काय, तर त्याच्या नातवाची जहागीर जप्त करून त्याला दूर नजरकैदेत टाकलं, तो तिथंच तरुणपणी वारला. म्हणजे दोघांना सारखी शिक्षा हा जुना संकेत शेवटी उशिरा का होईना पुरा झाला, पण भोगली कुणी, ज्यानं काहीच केलं नव्हतं त्यानं. किराच्या स्वतःच्या गावी, आजच्या आइची प्रांतात, लोक त्याला पुराचं पाणी अडवायला बांध घालणारा चांगला धनी म्हणून आठवतात.

पिक्चरवर एक आरोप नेहमी होतो की जपानची पवित्र गोष्ट घेतली आणि ड्रॅगन घुसडले. मला हा आरोप तितकासा पटत नाही. ताज्या घटना आणि खऱ्या सामुराई घराण्यांची नावं रंगभूमीवर आणायला बंदी होती म्हणून जपान्यांनी स्वतःच ही गोष्ट पहिल्यापासून वेष बदलून सांगितली. १७४८ ला ओसाकात बाहुल्यांच्या रंगभूमीवर जे सगळ्यात गाजलेलं नाटक आलं, 'कानादेहोन चुशिंगुरा', त्यात काळ चौदाव्या शतकातला, नावं सगळी बदललेली. बघणाऱ्यांना मात्र सगळं कळायचं. नावातलं 'काना' म्हणजे जपानी मुळाक्षरं, ती तेव्हा मोजून ४७ होती आणि रोनिन पण ४७. त्यामुळं ड्रॅगन चालतील. सुमारे साडेसतरा कोटी डॉलर खर्चून तो पिक्चर जगभरात पंधरा कोटींच्या आसपासच कमवू शकला, त्यात हिरोयुकी सानाडानं केलेला ओइशी सोनं आहे. मला सलतं ते एवढंच की वेष बदलताना चेटकिणीच्या हातून कारण देऊन टाकलं, आणि कारण मिळालं की मग पंडितांना भांडायला काही उरतच नाही.

सेंगाकुजीला कधी गेलात तर समाध्यांजवळ उदबत्तीचा धूर कायम असतो, १४ डिसेंबरला तर मोठा उत्सव असतो. पण तिथल्या छोट्या संग्रहालयात एक कागद आहे तो चुकवू नका. हल्ल्यानंतर मठाच्या दोन भिक्षूंनी किराचं मुंडकं त्याच्या घरी परत नेऊन दिलं, आणि घरच्या दोन कारभाऱ्यांनी ते मिळाल्याची पोच सही करून दिली. सामान आल्याची पावती असते ना, अगदी तशी. मुंडकं, नग एक. कागदाचं पुडकं, नग एक. बरोबर मिळालं.